हम्दुलिल्लाहचा रकाना

मुंजियाला त्या सोमवारी कुणाशीही बोलायचं नव्हतं. निवृत्तीला पाच महिने उरले होते, आणि माणूस एकदा महिने मोजायला लागला की कामात त्याचं मन राहत नाही, तो नुसती खुर्ची सांभाळतो. ट्यूनिसमधल्या त्या आरोग्य संशोधन संस्थेत तिची चौतीस वर्षं गेली होती. आकडेवारीचा अख्खा विभाग तिच्या हाताखालून गेला होता. आता गुडघे कुरकुरत होते, चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला होता आणि लिफ्ट महिनाभर बंद होती. तीन मजले चढून ती जेमतेम टेकली, तोच दारात ओमैमा उभी.

ओमैमा ही विद्यापीठात भाषाशास्त्राचा प्रबंध लिहिणारी मुलगी. प्रबंधाचा विषय काय, तर दक्षिणेकडची माणसं एकमेकांची विचारपूस कशी करतात. आधी कुणाची चौकशी होते, आईची की खजुरीच्या बागेची, आणि उत्तर काय येतं. दोन महिन्यांपूर्वी ती संस्थेत आली होती, एका जुन्या पाहणीतली रेकॉर्डिंगं ऐकायला मिळतील का विचारायला. मुंजियानं हसत हसत परवानगी दिली होती. आकडे मोजणाऱ्यांना शब्द मोजणाऱ्यांची जराशी कीवच येते, तसं ते हसणं होतं.

"मदाम, पाच मिनिटं मिळतील?"

"पाच म्हणणारे पन्नास घेतात. बस. पाणी पी आधी, जिना चढून आलीयेस."

"मदाम, ऐन रतेमचं..." मुलगी बसली नाही. "मी सगळी रेकॉर्डिंगं ऐकली. एकशे चौऱ्याऐंशी."

ऐन रतेम म्हणजे मुंजियाच्या आयुष्यातली मोठी कमाई. खजुरीच्या बागांचं हे दक्षिणेतलं गाव. तिथल्या पाण्यावर भूगर्भवाल्यांनी फार पूर्वी अभ्यास करून ठेवला होता: पाणी अतिशय खारं आहे, वर्षागणिक जास्त खारं होतंय, आणि त्याचा माणसांवर काय परिणाम होतो ते डॉक्टरांनी बघावं. डॉक्टरांनी तो प्रश्न आकडेवारीवाल्यांकडे ढकलला. म्हणून बारा वर्षांपूर्वी मुंजिया तेरा मुलामुलींना घेऊन तिथं गेली, अठराशे चाळीस घरांत फॉर्म भरून घेतले, दर दहाव्या घरातलं बोलणं टेपही केलं. आणि उत्तर आलं भलतंच. शंभरातल्या एक्क्याण्णव लोकांची तब्येत 'चांगली'! एवढं खारं पाणी पिऊन!

या उत्तराला 'ऐन रतेमचं कोडं' असं नाव पडलं आणि ते कोडं सोडवायला सगळे धावले. आहारतज्ज्ञांनी लिहिलं की हा खजुराचा आणि ऑलिव्ह तेलाचा प्रताप. समाजशास्त्रवाल्यांनी लिहिलं की शेजारधर्म घट्ट असला की शरीरही घट्ट राहतं. कुणी मानसशास्त्राच्या अंगानं लिहिलं, कुणी नमाजाच्या हालचालींनी मूत्रपिंडाला व्यायाम होतो इथपर्यंत मजल मारली. एका पाहणीच्या पोटी अकरा प्रबंध जन्मले, आणि प्रत्येकाच्या शेवटी मुंजियाचं नाव आदरानं छापलेलं होतं.

"तर मग काय ऐकलंस?" तिनं विचारलं.

"एकशे चौऱ्याऐंशीपैकी एकशे अडुसष्ट जणांपुढं 'चांगली' अशी खूण आहे. मदाम, त्यातल्या एकशे एक्केचाळीस जणांनी 'चांगली' असं म्हटलेलंच नाही."

"मग काय म्हटलंय?"

"'हम्दुलिल्लाह.' बस्. तेवढंच."

मुंजियानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. देवाची स्तुती असो. तिच्या देशात कुणालाही कसं चाललंय विचारा, हाच शब्द येतो. मुलीचं लग्न ठरलेला माणूस हेच म्हणतो आणि मुलगी गाडून आलेला माणूसही हेच म्हणतो.

"एक ऐकवू?" ओमैमानं कॉम्प्युटर उघडला.

खरखर. कोंबडी ओरडल्याचा आवाज. मग पाहणीतल्या कुणा मुलाचा घाईचा आवाज: "घरमालकाची तब्येत कशी आहे?" एक पुरुष खोल आवाजात म्हणाला, "हम्दुलिल्लाह." तेवढ्यात आतून बाईमाणूस ओरडलं, "सांग की, काल अर्ध्या रस्त्यातून उचलून आणलं ते! आठवड्यातून तीनदा रक्त धुवायला जातो म्हणून सांग!" पुरुष खाकरला. पाहणीवाला म्हणाला, "हम्दुलिल्लाह, हम्दुलिल्लाह. बरं, घरात फ्रिज आहे का?"

ओमैमाला हसू आवरलं नाही आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. मुंजिया हसली नाही.

तिला ती दुपार लख्ख आठवत होती. ऐन रतेमची शाळा, बाकांवर बसलेली तेरा पोरं, अंगाची लाही लाही. फॉर्म बाहेरदेशच्या नमुन्यावर बेतलेला, तब्येतीच्या प्रश्नाला पाच रकाने: फार चांगली, चांगली, बरी, वाईट, फार वाईट. एका मुलीनं हात वर केला होता. "मदाम, लोक नुसतं हम्दुलिल्लाह म्हणतात. खूण कुठं करायची?" बाहेर कुसकुस वाढून तयार होतं, वास येत होता. मुंजिया म्हणाली होती, "दोनमध्ये करा. संध्याकाळी बघू." ती संध्याकाळ काही आली नाही. सूचनांच्या वहीत चौदाव्या पानावर कुणीतरी टंकून टाकलं: हम्दुलिल्लाह म्हणजे दोन, चांगली. खाली तिची सही.

एखादा परका माणूस असता तर त्यानं विचारलं असतं, हा शब्द म्हणजे नेमकं काय? त्याला कळत नसतं म्हणून त्यानं खोदून विचारलं असतं. मुंजिया याच मातीतली, याच शब्दावर वाढलेली. तिला तो शब्द इतका ठाऊक होता की त्याचा अर्थ काय, हा प्रश्नच तिला कधी पडला नाही. आणि अकराच्या अकरा विद्वानही इथलेच.

"मी प्रबंधात लिहू का हे?" ओमैमानं हळू विचारलं. "तुमची परवानगी असेल तरच."

"परवानगी कसली मागतेस? खरं आहे ना? मग लिही." मुंजियाचा आवाज तिला हवा होता त्यापेक्षा कडक निघाला. "थांब. आज कोणता वार?"

"सोमवार."

"शुक्रवारी समिती आहे."

तिथंच खरी गोम होती. दक्षिणेत डायलिसिसचं, म्हणजे रक्त धुण्याचं, एक नवं केंद्र उघडायचं होतं, एकच. दोन गावं रांगेत होती, ऐन रतेम आणि किनाऱ्याकडचं एक. ऐन रतेमच्या फायलीत सगळ्यात वर मुंजियाचा अहवाल होता: एक्क्याण्णव टक्के लोक ठणठणीत. असल्या गावाला केंद्र कोण देणार?

मंगळवारी ती संचालकांकडे गेली. नूरी, आदरानं 'सी नूरी', तिच्याहून चार वर्षांनी लहान, तिच्याच हाताखाली शिकलेला आणि आता तिचा साहेब. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागं रेलला.

"मदाम मुंजिया, ऑक्टोबरात तुमचा सत्कार आहे. केकवर काय लिहायचं ते ठरलंय."

"केक राहू दे."

"बारा वर्षं कुणाला खटकलं नाही ते एका पोरीला खटकलं. तीही भाषावाली! उद्या कविता करणारा येईल आणि सांगेल, तुमचं गणित रुक्ष आहे."

"सी नूरी, त्या पोरीनं ऐकलं. आपण फक्त मोजलं."

"अकरा प्रबंध आहेत त्याच्यावर. त्यातला एक माझा आहे, विसरलात का?" तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "बरं, समजा अहवाल चुकला. तुमच्या हातात दुसरं काय आहे? जुना आकडा खोटा म्हणायला नवा आकडा लागतो, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

शिकवलं होतं. कपाळाला हात लावायचीही सोय नव्हती. मुंजिया तशीच उठली आणि जिन्यातूनच तिनं ओमैमाला फोन केला. बुधवारी पहाटे दोघी लुआजच्या, भाड्याच्या मोटारींच्या, तळावर होत्या. आठ जण भरल्याशिवाय ती गाडी हलत नाही आणि आठवा माणूस यायला तास गेला. सात तास मुंजिया खिडकीला डोकं टेकून बसली. तिला झोप येत नव्हती आणि जागंही राहवत नव्हतं. या वयात, एका शब्दासाठी, हाडं खिळखिळी करत निघालोय, असं तिच्या मनात येत राहिलं. ओमैमानं प्रवासात नवे प्रश्न तयार केले. ते साधे होते. या महिन्यात किती दिवस अंथरुणात काढले? बागेत जायचं राहून गेलं असं कितीदा झालं? पाय सुजतात का? घरातलं कुणी रक्त धुवायला जातं का?

रेकॉर्डिंगमधली वीस घरं त्यांनी निवडली होती; त्याच संध्याकाळी आठ झाली. गुरुवारी सकाळी उरलेली बारा. रेकॉर्डिंगमधली कोंबडीवाली बाई शेवटून दुसरी.

मब्रूका अठ्ठ्याहत्तरची होती, पण ताठ. तिनं पाहुण्यांना चटईवर बसवलं, तंदुरातली गरम भाकर आणि तेल पुढं ठेवलं. चहासाठी गोड्या पाण्याचा डबा वेगळा होता; नळाचं पाणी तिनं बोट दाखवून भांडी घासायला आहे म्हणून सांगितलं. खोलीच्या कोपऱ्यात तिची मुलगी सालहा भिंतीकडे तोंड करून निजली होती. दंडावर पट्टी.

"ही आठवड्यातून तीनदा जाते," मब्रूका म्हणाली. "सोमवार, बुधवार, शुक्रवार. नव्वद किलोमीटर जायचं, नव्वद यायचं. येताना रस्त्यात गाडी थांबवून ओकते. बापाचंही हेच. बाप गेला त्यात."

"कधी गेले, मावशी?" ओमैमानं विचारलं.

"तुम्ही लोक कागद घेऊन आला होतात ना, त्याच वर्षी. ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत."

ओमैमाची लेखणी थांबली. मुंजिया भाकरीचा तुकडा हातात धरून होती, तो तिला खाली ठेवता येईना.

"मावशी, तेव्हा त्यांनी नीट का नाही सांगितलं हो? नुसतं हम्दुलिल्लाह म्हणाले." मुंजियानं विचारलं.

मब्रूकानं तिच्याकडे असं पाहिलं, जसं धडधाकट बाईनं आंधळ्याचं सोंग घेतलंय.

"पोरी, तू कुठली? इथलीच ना?"

"इथलीच."

"मग? दारात उभं राहून तब्येत कशी म्हणून विचारलं, तो काय प्रश्न असतो? तो सलाम असतो. सलामाला माणूस सलाम करतो. अनोळखी पोरापुढं देवाची तक्रार करायची का? दुखतंय कुठं म्हणून विचारलं असतंत तर सांगितलं असतं." ती हाताचं तेल पुसत म्हणाली, "आणि मी सांगितलंच होतं. आतून ओरडून ओरडून सांगितलं. त्या पोरानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. फ्रिज आहे का म्हणून विचारलं मेल्यानं!"

"तो माझा माणूस होता, मावशी," मुंजिया म्हणाली. "त्याला मीच तसं शिकवलं होतं."

हे बोलायची काही गरज नव्हती. पण न बोलता तिथून उठणं तिला जमलं नसतं. मब्रूकानं चहा ओतला आणि पेला मुंजियाच्या पुढं सरकवला. साखर भरपूर घातली होती.

वीस घरांपैकी अकरा घरांत मूत्रपिंडाचा रोगी होता. चार जण रक्त धुवायला जात होते. परतीच्या लुआजमध्ये ओमैमानं ते आकडे तीनदा लिहून काढले. ती उत्साहात होती. बारा वर्षांत ऐन रतेममध्ये किती जण गेले असतील याचा हिशेब मुंजियाच्या डोक्यात आपोआप सुरू झाला होता, चौतीस वर्षांची सवय. तो कसा थांबवावा ते तिला कळत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी दहाला समिती बसली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, सात माणसं. अध्यक्ष एक वयस्क डॉक्टर होते, तेही मुंजियाइतकेच दमलेले दिसत होते. मुंजियानं चौदावं पान वाचून दाखवलं. मग रेकॉर्डिंग लावलं. फ्रिजच्या प्रश्नाला दोघं जण फसकन हसले आणि बाकीच्यांनी टेबलाकडे पाहिलं.

"हा अहवाल मी मागं घेते," मुंजिया म्हणाली. "चूक माझी आहे. मुलांची नाही, फॉर्मची नाही. मला विचारलं होतं आणि मला जेवायची घाई होती."

सी नूरीनं डोळे मिटून घेतले.

"मग ऐन रतेमच्या लोकांची तब्येत खरोखर कशी आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"माहीत नाही. आपण अजून विचारलेलंच नाही. ही वीस घरं..."

"वीस घरं तुम्ही रेकॉर्डिंगवरून निवडलीत."

"हो."

"म्हणजे ती गावाचा नमुना नव्हेत."

"नव्हेत." हे वाक्य तिनं स्वतः तीस वर्षं विद्यार्थ्यांना ऐकवलं होतं. ते खरंच होतं.

अध्यक्ष वाईट नव्हते. त्यांनी तिचे आभार मानले, प्रामाणिकपणाबद्दल दोन चांगले शब्दही बोलले. मग त्यांनी ठराव सांगितला. ऐन रतेमबाबत सध्या विश्वासार्ह माहिती उपलब्ध नाही. तिथं नव्यानं पाहणी करावी, मुदत दोन वर्षं. किनाऱ्याकडच्या गावाची माहिती पूर्ण आहे, सबब केंद्र तिकडे. सात हात वर गेले. मुंजियाला मताचा अधिकार नव्हता.

व्हरांड्यात ओमैमा रडत होती. "आपण खरं सांगितलं ना, मदाम? मग असं कसं?"

"काल गाव निरोगी होतं, आज गावाची माहितीच नाही." मुंजियानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो आधार द्यायला की घ्यायला ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. "जा, घरी जा. प्रबंध पुरा कर. एक शब्दही गाळू नकोस."

आपल्या खोलीत येऊन तिनं दार लावलं. तिला स्वतःची चीड आली होती, समितीची आली होती, आणि सगळ्यात जास्त त्या दोन वर्षांची. दुपारी तीनपर्यंत ती नुसती बसून होती. मग तिनं मब्रूकाला फोन लावला. तोंड लपवून पाच महिने काढणं सोपं होतं, पण ते तिला झेपण्यासारखं नव्हतं.

विचारपूस झाली, आधी मुंजियाच्या गुडघ्यांची. मग तिनं सगळं सांगितलं, न सजवता.

"दोन वर्षं," मब्रूका म्हणाली.

"हो, मावशी."

"म्हणजे कुणीतरी पुन्हा कागद घेऊन येणार आणि विचारणार, घरात कोण कोण आहे."

"या वेळी नीट विचारतील. ते मी बघते."

"तोवर सालहा राहिली नाही, तर ती त्या कागदात येईल?"

"नाही, मावशी. पाहणीत हयात माणसंच मोजतात."

"तिचा बाप?"

"तेही नाहीत."

म्हातारी सावकाश, एखादा पदार्थ कसा करायचा ते समजून घेतल्यासारखी बोलली, "म्हणजे आजारी माणसं मरत जातील, तसतसं तुमच्या कागदावर आमचं गाव बरं होत जाईल."

अकरा प्रबंधांत हे एक वाक्य कुणी लिहिलं नव्हतं, आणि लिहायला शिकलेल्यांपैकी कुणाला सुचलंही नव्हतं.

"ऐकतेस ना, पोरी?"

"ऐकतेय."

"मग दोन वर्षं कशाला थांबतेस? लिहून घे आत्ता. तिचं तरी लिही."

तिच्यासमोर फॉर्म नव्हता, रकाने नव्हते, आणि असल्या कागदाला कुठल्याही फायलीत जागा मिळणार नव्हती. मुंजियानं कोरा कागद पुढं ओढला. वर नाव लिहिलं, सालहा.

"वय काय तिचं?"

"चौतीस," मब्रूका म्हणाली. "आणि जरा हळू बोल. आत्ताच आलीये, डोळा लागलाय तिचा."